धुराला ना-हरकत

"धूर माझा हाय साहेब, पण पडदे तुमचे हायती. पडदे काढा की."

हे मी म्हणाले तेव्हा ग्रामपंचायतीच्या खोलीत भांडण सुरू होऊन अर्धा तास झाला होता आणि ते चांगलं तापलं होतं. एका बाजूला मी आणि रुक्मिणी, दोघी खव्याच्या भट्टीवाल्या. माझी भट्टी गावाच्या या टोकाला, तिची त्या टोकाला. समोर बंगलेवाले साहेब. नोकरीतून रिटायर होऊन पुण्याहून आले आणि माझ्या भट्टीशेजारी बंगला बांधून राहिले. टेबलापलीकडं दोन खुर्च्या. एकीवर आमच्या गावच्या सरपंच शोभा, येडशीकडची लेक, तोंडातून शब्द नाही. दुसरीवर तिचे मालक बालाजीराव, सगळे शब्द त्यांच्या तोंडात. सरपंचांचा शिक्कासुद्धा त्यांच्याच खिशात.

प्रश्न एवढाच होता की माझ्या भट्टीला ना-हरकत दाखला द्यायचा का नाही. दाखला नसला तर लायसनची मुदत वाढत नाही. लायसन नसलं तर तुळजापूरचा हलवाई खवा घेत नाही. आणि त्यानं खवा घेतला नाही, तर चाळीस वर्षं पेटत आलेलं माझं चुलवाण गार. कशासाठी, तर साहेबांच्या पडद्यांना काजळी धरते.

"आक्का, सरपंचांचा निर्णय झालाय," बालाजीराव म्हणाले.

मी शोभाकडं बघितलं. निर्णय झालाय हे तिलाही तेव्हाच कळलं असावं.

हे भांडण आता इथंच उभं राहू द्या. कसं मिटलं ते सांगणारच आहे. एका वाक्यात मिटलं. पण त्या खोलीत उभ्या उभ्या मला मागचं एकेक आठवायला लागलं. धंदा करणाऱ्या बाईकडं बाकी काही साठो न साठो, किस्से साठतात. पाच लिटर दूध आटवलं की किलोभर खवा उरतो. किस्सा मात्र आटवायला घेतला की उतू जातो. म्हणून आजवर कागदावर घेतले नव्हते.

ईट गावच्या पलीकडं आमचं गाव. नाव लिहीत नाही, एक भांडण पुरे आहे. आमच्याकडं घरोघरी म्हशी आणि गावोगाव भट्ट्या. सकाळी दूध येतं, दुपारपर्यंत खवा होतो, आणि पत्र्याच्या डब्यात बसून एसटीनं तुळजापूरला जातो. देवीच्या दारात भाविक जो पेढा कपाळाला लावून खातात, त्यात थोडा माझा धूर असतो. त्याबद्दल देवीनं अजून तक्रार केलेली नाही.

*

मी शाळेत गेलेले नाही. डब्यात खाली घालायला तेव्हा तुळजापूरहून रद्दी यायची, त्या पेपरांवर मी वाचायला शिकले. त्यामुळं मला पहिल्यांदा वाचता आले ते बाजारभाव आणि निधनवार्ता. धंद्याला तेवढं पुरतं.

नवरा गेला त्यानंतर भट्टीवर पत्र्याची शेड घालायची म्हणून बँकेत गेले. साहेब नवीन होता, शर्ट कडक, तोंड गोड. त्यानं विचारलं, "मालक कुठं आहेत?"

म्हणलं, "वारले."

"मुलगा?"

"नोकरीला हाय, लांब."

"मग धंदा कोण बघतं?"

"ज्या बाईसंगं तुमी बोलताय ती."

साहेब ओशाळला. मग म्हणाला, प्रोजेक्ट रिपोर्ट आणा. म्हणजे तुम्ही काय बनवता, कसं बनवता, लोक ते का घेतील, हे सगळं बँकेला कळलं पाहिजे. मला पटलं. दुसऱ्या दिवशी पळसाच्या पानात पावकिलो खवा बांधून नेला आणि त्याच्या टेबलावर ठेवला.

तो खुर्चीतून उठलाच. "मावशी, हे काय? ही लाच होते."

"लाच द्यायची असती तर किलोभर आणला असता. ह्यो रिपोर्ट हाय."

त्यानं इकडं तिकडं बघून बोटभर खाल्ला. मग आणखी बोटभर. मग रुमालाला हात पुसून म्हणाला, "रिपोर्ट उत्तम आहे, पण टाइप केलेला लागतो."

*

कर्ज मिळायचं राहूनच गेलं, शेड मी टप्प्याटप्प्यानं घातली. मग लायसन ऑनलाइन झालं.

सेतूत मनीषा नावाची पोर बसते, हुशार आहे. तिनं माझा अंगठा मशीनवर ठेवला. मशीन काही बोलेना. दुसरा ठेवला. मग तर्जनी, मग डाव्या हाताची सगळी बोटं. चाळीस वर्षं कढईतला खवा हलवून माझ्या बोटांवर रेषा राहिल्यात कुठं? उलथनं घासून घासून हात लोखंडासारखा गुळगुळीत झालाय. मनीषानं ओल्या फडक्यानं पुसलं, तेल लावलं, स्वतःचा अंगठा ठेवून बघितला. मशीन चांगलं होतं.

"आक्का, मशीनच्या हिशोबानं तुम्ही नाहीच आहात."

"मग हितं कोण बसलंय?"

तिनं कुणाला तरी फोन लावला, उपाय विचारला, आणि मला नीट समजावून सांगितलं. दोन महिने हाताला काम द्यायचं नाही. रोज साय चोळायची. रेषा परत उगवतात.

मी म्हणलं, "म्हंजे आदी धंदा बंद करायचा, मग धंद्याचं लायसन काढायचं."

मनीषा म्हणाली, "हो, पण ते पाच वर्षांचं मिळतं."

*

शेवटी डोळे दाखवून काम झालं. डोळ्यांच्या मशीननं मला ओळखलं. फॉर्म पुढं सरकला आणि तिथं धंद्याची यादी आली. त्यात बिस्किट होतं, पाणी होतं, चीज होतं. खवा काही सापडेना. लाईट जायची वेळ झालेली, मनीषाची घाई. तिनं दुधाच्या वस्तूंत जे पहिलं दिसलं ते दाबलं.

आठ महिन्यांनी तपासणीला एक साहेब आले. वैशाखातली दुपार. चुलवाण पेटलेलं, कढई रटरटतेय, शेडमध्ये माणूस उभा राहिला की दोन मिनिटांत भिजतो. साहेब घाम पुसत म्हणाले, "आईस्क्रीमचा कारखाना कुठाय?"

मी म्हणलं, "ह्योच की."

त्यांच्या कागदावर आईस्क्रीम होतं, म्हणून फॉर्मही आईस्क्रीमचाच आणलेला. बरं, परत जाऊन दुसरा आणायचा तर त्यांची पन्नास मैलांची खेप. भला माणूस होता. म्हणाला, भरू आपण काहीतरी. खाली बसले आणि एकेक रकाना विचारायला लागले. फ्रीजर आहे का? नाही. लाईट किती तास असते? येते तेव्हा असते. मग थांबले, पेनानं कपाळ खाजवलं.

"माल किती तापमानाला ठेवता?"

रुक्मिणी त्या दिवशी माझ्याकडं मदतीला आलेली, कढईजवळ उलथनं घेऊन बसली होती. तिनं तिथूनच विचारलं, "हात घालून बघताव का?"

*

आता दिवाळीचं एक. दिवाळीच्या तोंडावर भेसळ पकडायची मोहीम निघते. निघावीच. पावडर कालवून खवा करणारे आहेत, त्यांना पकडलंच पाहिजे. त्यांच्यामुळं आमचा भाव पडतो. पण एका वर्षी पथकानं रस्त्यात जीप अडवली, ती रुक्मिणीच्या खव्याची. सणाचा माल, डबे भरगच्च. नमुना बाटलीत घातला आणि बाकीचा माल संशयावरून खड्ड्यात पुरला. पावती दिली. रुक्मिणीनं रडण्याऐवजी पुरणाऱ्या माणसाला खड्डा नीट करायला लावला, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून.

ती दिवाळी तिच्या घरी फराळ झाला नाही. आम्ही डबे नेऊन दिले, तेही तिनं उघडले नाहीत.

संक्रांतीनंतर पोस्टमन पाकीट घेऊन आला. रुक्मिणीला वाचता येतं, पण इंग्रजी नाही. मनीषाकडून वाचून घेतलं. नमुना शुद्ध, स्निग्धांश भरपूर, दर्जा उत्तम. आपण असाच दर्जा राखाल अशी आशा आहे.

रुक्मिणीनं कागदाची घडी घातली आणि म्हणाली, "माणूस पुरल्यावर डॉक्टरचा निरोप आला, परकृती झकास हाय."

*

महिला उद्योजकांचं प्रशिक्षण झालं, ते दोन ओळींत संपतं. आम्हाला दहाला बोलावलं. विषय होता वेळेचं नियोजन. शिकवणारे साहेब दीड वाजता आले.

रुक्मिणी म्हणाली, शिकले म्या. आता दूध नासायच्या आत घरी जाऊ द्या.

*

आता आमच्या कामाची एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

दूध चांगलं का पाणचट हे डेअरीत मशीन सांगतं. आमच्या भट्टीवर कढई सांगते. प्रत्येकाच्या कॅनमधून लिटरभर दूध काढायचं, छोट्या कढईत त्याच्यासमोर आटवायचं, आणि जो खवा पडेल तो तराजूत टाकायचा. याला आम्ही उतारा म्हणतो. उतारा चांगला, भाव चांगला. उतारा कमी, तर कुणी काही बोलायचं नाही. बाकीच्यांनी फक्त बघायचं. या बघण्याला लोक जितकं घाबरतात तितकं पोलिसाला घाबरत नाहीत. आठवड्यातून एकदा ज्याचा त्याचा उतारा होतो, आधी न सांगता.

बालाजीराव तेव्हा साधे मेंबर होते. त्यांच्या घरचं दूध माझ्याकडंच यायचं. एकदा तीन आठवडे सारखा उतारा कमी पडला. तिसऱ्या खेपेला ते स्वतः आले, कडक इस्त्रीत, आणि चारचौघांत मला म्हणाले, "आक्का, तुमी माझ्या म्हशीवर संशय घेताय?"

मी म्हणलं, "न्हाय बालाजीराव. म्हशीवर माझा पुरा विश्वास हाय."

त्यानंतर त्यांच्या घरचं दूध डेअरीला जायला लागलं. आमचं बोलणं चालणं राहिलं, पण त्यात साय राहिली नाही.

*

उतारा व्हायला पाऊण तास लागतो. तेवढा वेळ दूध घेऊन आलेल्या बाया भट्टीबाहेरच्या पडवीत बसून राहायच्या. सासवांची गाऱ्हाणी करून करून किती करणार? पहिल्या दहा मिनिटांत संपायची. मी म्हणलं, पाऊण तासात कढईत दुधाचं काहीतरी होतं, तुमचं का होऊ नये?

पडवीची भिंत चुन्यानं रंगवलेली. चुलवाणातला कोळसा काढला आणि एकीच्या हातात दिला. आधी स्वतःचं नाव. नाव आलं की नवऱ्याचं, पण ते पाहिजे असलं तरच. बऱ्याच जणी पहिल्या नावावरच थांबल्या.

कुणी महिन्यात शिकल्या, कुणी वर्षात. त्यात एक नवी नवरी होती. तिचा बाप मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडायचा, दोन महिने इथं, दोन महिने तिथं, त्यामुळं शाळेचं तोंड तिनं बघितलंच नव्हतं. बोलायची नाही. सासरचं दूध घेऊन यायची, खाली मान घालून बसायची, उतारा झाला की जायची. कोळसा हातात दिला तर महिनाभर नुसता धरून बसली. बोटं काळी व्हायची तेवढीच.

एके दिवशी मी कढईपाशी होते. ती पडवीतून हाक मारेना, काही करेना, नुसती दारात येऊन उभी राहिली. मी बाहेर जाऊन बघितलं तर भिंतीवर नाव. पहिलं अक्षर हातभर, शेवटचं बोटभर, पण नाव पुरं. ती त्याच्याकडं बघत होती, जसं कुणी ओळखीचं माणूस लांबून येताना दिसावं. मीही बघत उभी राहिले. आत उतारा करपला. चाळीस वर्षांत माझ्या हातून करपलेली ती एकच कढई.

दर दसऱ्याला आम्ही भिंतीला चुना देतो. बाकीच्या बायांनी पुढं वह्या घेतल्या, बचत गटात सह्या करायला लागल्या, त्यांची भिंतीवरची नावं चुन्याखाली गेली. हातभर भिंत मात्र मी तशीच ठेवते. पावसाचं पाणी लागू नये म्हणून वर पत्रा ठोकलाय. रंगवणारा गडी दरवर्षी विचारतो, "आक्का, एवढाच तुकडा काळा का ठेवता?" मी त्याला दरवर्षी चहा देते.

*

आता परत ग्रामपंचायतीत.

बालाजीराव म्हणत होते, गाव बदलतंय. रस्त्याकडेला प्लॉट पडलेत, बाहेरची चांगली माणसं राहायला येतायत. त्यांना धूर दिसला तर कोण येईल? यात एक गोष्ट त्यांनी सांगितली नाही, ती मी सांगते. ते प्लॉट त्यांचेच आहेत. साहेबांनी घेतला तो पहिला. अजून सहा शिल्लक आहेत.

रुक्मिणी म्हणाली, धूर काय आज निघाला का? साहेब बंगला बांधताना डोळं झाकून हुतं का?

साहेब चिडले. माणूस वाईट नाही, पण त्याला त्याच्या पडद्यांचं खरंच दुःख होतं. बायकोनं हौसेनं शिवून घेतलेले, पांढरे. ते म्हणाले, "मी प्लॉट बघायला आलो तेव्हा धूर अजिबात नव्हता. अर्धा दिवस इथं होतो मी. बालाजीरावांनी जेवायला घातलं. मोकळी हवा होती."

माझं मन एकदम शांत झालं. मी विचारलं, "जेवाया काय हुतं साहेब?"

"आता ते कशाला?"

"सांगा तर."

ते आठवायला लागले. "पुरणपोळी होती. खीर होती. गावात बैल सजवले होते, शिंगं रंगवलेली. वाजंत्री होती."

खोलीत बसलेले तीन मेंबर आधी छताकडं बघायला लागले. मग रुक्मिणी पदर तोंडाला लावून हसायला लागली. पोळ्याच्या दिवशी गावातलं सगळं दूध घरोघरच्या खिरीला जातं. भट्टीवर लिटरभरसुद्धा येत नाही. वर्षात एक दिवस आमचं चुलवाण बंद असतं, आणि बालाजीरावांनी गिऱ्हाईक आणायला नेमका तो निवडला होता.

मी साहेबांना हे सगळं नीट समजावून सांगितलं. आवाज चढवला नाही. त्यांनी खुर्ची थोडी फिरवली, आणि पहिल्यांदाच माझ्याकडं न बघता बालाजीरावांकडं बघितलं.

"ते आता जुनं झालं," बालाजीराव घाईनं म्हणाले. "विषय दाखल्याचा हाय." त्यांनी फाईलमधून कागद काढला. आधीच टाइप करून आणलेला. त्यात लिहिलं होतं की भट्टीमुळं गावाला उपद्रव होतो, सबब ना-हरकत देता येत नाही. कागद शोभापुढं सरकवला आणि खालच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. एवढी वर्षं असंच चालत आलंय. ते बोट ठेवतात तिथं ती सही करते.

शोभानं पेन घेतलं. पण पेन कोपऱ्यात नेण्याऐवजी तिनं कागद जवळ ओढला आणि वरच्या ओळीपासून वाचायला लागली. एकेक शब्दावर थांबत, ओठ हलवत, जशा आमच्या सगळ्याच जणी वाचतात. बालाजीरावांचं बोट कोपऱ्यात तसंच राहिलं.

"वाचत काय बसलीस," ते म्हणाले, "सही कर."

ती दुसऱ्या ओळीवर होती. तिची मान हळूहळू खाली जायला लागली, आणि ती जुनी खाली घातलेली मान मी ओळखली. तेव्हा मी टेबलाजवळ गेले आणि बोलले. त्यानंतर तो कागद सहीवाचून फाईलमध्ये परत गेला.

मी म्हणलं, "शोभा, तू कोळशानं पहिल्यांदा लिहिलेलं तुजं नाव माझ्या भिंतीवर अजून हाय; भट्टी बंद करायची असंल तर सही मागनं कर, आदी येऊन ते पुसून जा."